बिनमालकीची संध्याकाळ

पुण्या-साताऱ्याकडचा पाहुणा वर्ध्याला आला आणि ‘चला, टेकडीवर जाऊन येऊ’ असं त्याला म्हटलं, की तो बुटांच्या नाड्या आवळतो, पाण्याची बाटली भरतो आणि बायकोला बजावतो, ‘यायला उशीर होईल.’ थोड्याच वेळात तो हनुमान टेकडीच्या माथ्यावर उभा असतो. दम लागलेला नाही, घाम आलेला नाही. तो इकडेतिकडे बघतो आणि विचारतो, ‘आता पुढे?’ पुढे काही नाही. टेकडी इथंच संपते. लग्नाच्या पंगतीत पहिल्याच वाढीला मठ्ठा आला तर चेहरा जसा होईल, तसा त्याचा चेहरा होतो.

आमच्या जिल्ह्याला उंचीचं वेड नाही. उत्तरेला आर्वी-आष्टी-कारंज्याकडे सातपुड्याचे फाटे उतरतात, तिकडे थोडी चढउतार, थोडं जंगल. हिंगणघाटाच्या अंगाला गेलात की काळी सपाट जमीन, कापूस आणि क्षितिज. त्यातही समुद्रपूर तालुक्यात गिरडला एक टेकडी आहे, शेख फरीदबाबांच्या दर्ग्याची. एका व्यापाऱ्यानं बाबांची टिंगल केली आणि त्याचा सगळा माल दगड झाला, अशी तिथली कथा. जायफळ-सुपारीएवढे गोल दगड तिथे अजून सापडतात. भूगर्भशास्त्रवाले म्हणतात, लाव्हा थंड होताना त्यात बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत झिओलाइट नावाचं खनिज जमलं, त्याच्या या गुठळ्या. दोन्ही पक्षांची माणसं दगड मात्र खिशात घालून घरी नेतात.

आणि विनोबांचं काय झालं? 1938 साली त्यांची प्रकृती फार खालावली. थंड हवेच्या ठिकाणी जाऊन राहा, असा सल्ला त्यांना मिळाला. विनोबांनी निवडलं पवनार. वर्ध्याहून काही कोसांवर, धाम नदीच्या काठी, जमनालाल बजाजांचा बंगला असलेलं एक टेकाड. तेही मार्च महिन्यात, म्हणजे शहाणी माणसं विदर्भातून बाहेर पडायच्या बेतात असतात तेव्हा. तिथे त्यांनी डोक्यातले सगळे विचार बाजूला ठेवले, कुदळ घेऊन जमीन खणली आणि प्रकृती सुधारली. महाबळेश्वरचा एक पाहुणा बुडाला, एवढंच.

तेव्हा बुटक्या टेकड्यांचा मी जाहीर समर्थक आहे. उंच डोंगरावर माणूस काहीतरी सिद्ध करायला जातो. त्याच्याबरोबर कुत्रं येत नाही, आलंच तर उपकार म्हणून येतं. बुटक्या टेकडीवर मात्र कुत्रं सहज येतं, कारण तिथं जायला कुठलंही कारण लागत नाही.

आमच्या टेकडीवर पूर्वी मुरूम आणि दगडच जास्त. शहरातल्या डॉक्टर मंडळींच्या पुढाकारातून वैद्यकीय जनजागृती मंचानं तिथं झाडं लावली आणि ती जगवली. वर्ध्यातला उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला ‘जगवली’ या शब्दामागची मेहनत कळेल. कुत्री आपल्या परीनं प्रत्येक रोपाला पाणी घालतात. झाडांना ते कितपत मानवतं, हे झाडंच जाणोत.

हिवाळ्यात टेकडीची वेळ साडेचार ते सहा. मुंबईच्या नातेवाइकांना हे पटत नाही. ‘साडेपाचला अंधार?’ असं ते फोनवर विचारतात, जणू आम्ही विजेचं बिल वाचवायला सूर्य लवकर घालवतो. घड्याळ देशभर एक असलं तरी सूर्य काही शासकीय परिपत्रकानं चालत नाही. वर्धा मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ सहा रेखांश, म्हणजे आमचा सूर्य त्यांच्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी मावळतो. नोव्हेंबरच्या शेवटी तर साडेपाचच्या सुमारास कारभार आटोपतो. पुढे डिसेंबरभर तो मिनिटामिनिटानं उशीर करत जातो आणि संक्रांतीला सहाच्या जवळ येतो. ऑफिस सुटायच्या आत संध्याकाळ सुटते, म्हणून हिवाळ्यातल्या टेकडीवर निवृत्त, विद्यार्थी, दुकान पोराकडे सोपवून आलेले आणि कुत्री एवढेच भेटतात.

पायथ्याशी एक तांबूस कुत्रा असतो. त्याला निवृत्त तलाठी काकाजी ‘मोती’ म्हणतात. सकाळी योगासनं करणाऱ्या मंडळींचा तो ‘शेरू’. मेडिकलची पोरं त्याला ‘ब्रुनो’ म्हणतात, कारण त्यांना तो कुठल्यातरी परदेशी जातीचा वाटतो. त्याच्या शेपटीचं टोक पांढरं आहे, यापलीकडे या समजाला पुरावा नाही. चहावाला त्याला ‘अबे ए’ म्हणतो. हा सगळ्या नावांना ओ देतो, पण सर्वांत आधी ‘अबे ए’ला, कारण त्यामागून बरेचदा टोस्ट येतो.

त्याच्या जोडीला एक काळी कुत्री. तिच्या कानाला खाच आहे. नसबंदी झालेल्या कुत्र्याचा कान असा थोडा कापतात, म्हणजे त्याला पुन्हा पकडून नेत नाहीत. काळीला बहुधा हे माहीत आहे. नगरपालिकेची गाडी दिसली की बाकीची कुत्री झुडपांत पळतात आणि ही रस्त्याच्या मधोमध बसून कान खाजवते. तिसरा एक पांढरा म्हातारा. त्यानं टेकडी चढणं सोडलंय. तो पायथ्याशी बसून कोण वर गेलं, कोण खाली आलं याची नोंद ठेवतो. एखादा माणूस वर राहिला तर हा अंधार पडल्यावरही तिथून हलत नाही, असं काकाजींचं म्हणणं. मला वाटतं, तिथं चहाच्या भट्टीची ऊब येते. पण काकाजींसमोर असलं बोलायची सोय नाही.

आम्ही निघालो की ही जोडगोळी निघते. पुढे कोण आणि मागे कोण याचा काही नियम नाही. तांबूस चाळीस पावलं पुढे पळतो, एका दगडाशी थांबतो, तो दगड आज सकाळपासून कुणाकुणाचा होता याची चौकशी करतो, मग डावीकडे झुडपात शिरतो, उजवीकडून बाहेर येतो, मागे वळून आपण येतोय ना हे बघतो आणि आपण जवळ पोचलो की जणू आपल्यामुळेच उशीर झाला अशा थाटात पुन्हा पळतो. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साठेक लाख, कुत्र्याच्या नाकात वीस-तीस कोटी. म्हणजे ज्या टेकडीवर आपल्याला बघण्यासारखं काही नाही, तिच्यावर त्याला एका संध्याकाळी पुरणार नाही इतकं आहे. त्याचं वैतागणं मी समजू शकतो. हिवाळ्यात त्यात संत्र्यांची सालं. आर्वी-कारंज्याकडून गाड्या भरून संत्री येतात, माणसं सोलत-खात टेकडी चढतात आणि सालं टाकतात. आपल्याला तो वास म्हणजे विदर्भाचा हिवाळा. कुत्र्यांना आंबट वास सहन होत नाही. सालीपाशी आली की ती नाक आक्रसून, वळसा घालून, आपल्याकडे तिरस्कारानं बघत जातात. कचरा टाकू नका असं सांगणाऱ्या पाट्यांपेक्षा ही नजर परिणामकारक आहे.

आमच्यात एक जण मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधून येतात. दहा हजार झाल्याशिवाय ते घरी जात नाहीत. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या ऋषीनं दिला याची मी चौकशी केली, तर तो 1965 साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलेला निघाला. नाव सोपं, आकडा गोल, खपला. टेकडी लहान असल्यामुळे या गृहस्थांना आकडा भरण्यासाठी माथ्यावर गोल गोल फिरावं लागतं. तांबूस सुरुवातीला त्यांच्याबरोबर दोन-तीन फेऱ्या मारायचा. हे काहीतरी हरवलेलं शोधतायत, अशी त्याची समजूत झाली असावी. काही सापडत नाही हे लक्षात आल्यावर आता तो बसून बघतो.

‘काय जी, किती झाले?’ काकाजी विचारतात.

‘सात हजार दोनशे.’

‘कुत्र्याचे मोजा न बाप्पा. थो केव्हाचा पंधरा हजार करून बसला.’

आता मुद्द्याचं. ही कुत्री कोणाची?

हा प्रश्न मी विचारत नाही, गांधीजींनी विचारला आहे. आणि वर्ध्यात राहून गांधीजींचा प्रश्न टाळायचा म्हणजे गाव सोडायलाच हवं. 1926 साली अहमदाबादला गिरणीमालक अंबालाल साराभाईंनी आपल्या आवारातली साठेक भटकी कुत्री मारवली. जीवदयावाल्यांनी गांधीजींना विचारलं, हे पाप नाही का? सर्वांना वाटलं, अहिंसेचा पुजारी आता साराभाईंचे कान उपटणार. गांधीजींनी लिहिलं, दुसरं काय करता आलं असतं? झालं. संतापलेल्या पत्रांचा ढीग पडला आणि ‘यंग इंडिया’त त्यांना एकामागून एक लेख लिहीत बसावं लागलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: रस्त्यावर मालक नसलेली कुत्री फिरणं ही समाजाच्या दयाळूपणाची खूण नाही, ती त्याच्या अज्ञानाची आणि आळसाची खूण आहे. कुत्र्याला मालक हवा. भुकेल्या कुत्र्यापुढे तुकडा फेकणं हा त्याचा अपमान आहे. दया येत असेल तर त्याला घरी न्या, पोसा, नाहीतर त्यांच्यासाठी पैसा आणि जागा काढा. तुकडा टाकून पुण्य घ्यायचं आणि चावला की नगरपालिकेला शिव्या द्यायच्या, हे चालणार नाही.

हे वाचल्यावर खिशातला पार्ले-जीचा पुडा जड होतो. मी त्या लेखांना उत्तर शोधायचा प्रयत्न केला. नामदेवांना पुढे केलं. कुत्रं भाकरी पळवून नेतं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन ‘कोरडी खाऊ नकोस देवा’ म्हणत त्याच्यामागे धावतात, ही गोष्ट आपण शेंबडे असल्यापासून ऐकतो. पण नामदेवांच्या गोष्टीत धावावं नामदेवांना लागतं. आमच्या टेकडीवर आम्ही बसलेले असतो आणि धावतं कुत्रं. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत खरी, पण ती दत्ताची आहेत. मालक स्पष्ट आहे. धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेलं कुत्रंही गांधीजींच्या बाजूनंच साक्ष देईल, कारण धर्मराजानं ते माझ्या आश्रयाला आलंय असं सांगितलं आणि त्याला सोडून आत जायला नकार दिला. टेकडीच्या पायथ्याशी आपल्या स्कूटीला किक मारताना आम्ही दररोज नेमकं उलटं करतो.

या वादावर काकाजींनी एक दिवस तोडगा काढला. त्यांची सगळी नोकरी जमिनी कोणाच्या हे लिहिण्यात गेली. घरून एक जुनं रजिस्टर आणून त्यांनी कुत्र्यांचा सातबारा तयार केला. गाव नमुना सात, म्हणजे हक्काची नोंद. गाव नमुना बारा, म्हणजे पीकपाणी. बाराच्या रकान्यात लस कधी टोचली, पिल्लं किती झाली, त्यातली किती जगली, कोण कुणाच्या घरी गेलं. हे सगळं सुवाच्य. साताच्या बाजूला मात्र भोगवटादाराचं नाव लिहायच्या ठिकाणी त्यांची लेखणी अडली.

‘सरकार लिहून टाका,’ घड्याळवाले म्हणाले.

‘सरकारचं नाव लावलं तं अतिक्रमण होते,’ काकाजी म्हणाले. ‘मग कोनीबी येऊन बसते.’

‘मग हनुमान लिहा.’

‘देवस्थान इनाम! त्याची तं कटकट विचारूच नोका.’

शेवटी तो रकाना कोराच राहिला आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात टेकडीवर येणाऱ्या सगळ्यांची नावं चढली. चहावाल्याचं पहिलं. माझं सातवं आहे. पोळी घेऊन येणाऱ्या काकूंनी आपलं नाव चहावाल्याच्या खाली का, यावर हरकत घेतली, ती सुनावणीसाठी प्रलंबित आहे. मी काकाजींना म्हटलं, गांधीजींचा प्रश्न होता मालक कोण, त्याचं उत्तर यात आलंच नाही. काकाजी चष्मा पुसत म्हणाले, ‘इतर अधिकारात नाव असलेला मानूस कर्जाले बी बांधील राह्यते, भाऊ. आपल्याले वाट्टे का नुसतं हक्क हाये.’

मला हे उत्तर गांधीजींपुढे ठेवायला आवडलं असतं. ते 30 एप्रिल 1936 रोजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. संध्याकाळी ते नेमानं फिरायला निघत. फिरता फिरता बरोबरच्या माणसाशी बोलणं चाले, मुलाखती चालत, आश्रमातल्या तक्रारी सुटत. त्या वेळी एखादं गावठी कुत्रं त्यांच्या मागेपुढे निघालं नसेल, हे मला खरं वाटत नाही. कुत्र्यांना ‘यंग इंडिया’ वाचता येत नाही. भरभर चालणारा माणूस दिसला की ती निघतात.

शहराबाहेर टेकड्यांवर 1997 साली स्थापन झालेलं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. तिथल्या एका टेकडीला गांधी हिल म्हणतात. तिथं गांधीजींचा मोठा थोरला चष्मा आहे, तीन माकडं आहेत. एकानं डोळे झाकलेत, एकानं कान, एकानं तोंड. नाक कुणीच झाकलेलं नाही, त्यामुळे कुत्र्यांना ही शिकवण बिलकुल जड जात नाही. ती माकडांच्या सावलीत निवांत झोपतात.

आमच्या टेकडीवर सूर्यास्त बघायला लोक रांगेत उभे राहतात ते पश्चिमेकडे नाही, जरा डावीकडे तोंड करून. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे सरकतो. उन्हाळ्यात तो अमरावतीच्या बाजूला मावळायचा, आता वर्धा नदीपलीकडे यवतमाळकडे. खाली कापसाची शेतं असतात, काही वेचलेली, काही वेचायची. तुरी पिवळ्या फुलांतून शेंगांवर आलेल्या. रेल्वेची शिटी येते. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही वाटा आमच्याकडूनच जातात, त्यामुळे शिटी ऐकून गाडी कुठली हे ओळखायचा खेळ चालतो आणि कुणीच कधी हरत नाही, कारण खरं-खोटं करणार कोण? मग सूर्य लाल होतो. सगळे मोबाइल वर जातात.

आणि कुत्री? ती पाठ करून बसतात. याचा मला सुरुवातीला राग यायचा. एवढा सोहळा चाललाय आणि हे मागचा पाय वर करून कान खाजवतायत. पुढे वाचनात आलं, की कुत्र्याच्या डोळ्याला लाल रंग दिसतच नाही. त्याच्याकडे निळा आणि पिवळा एवढंच भांडवल. आपण ज्याला गुलाबी, केशरी, शेंदरी म्हणत मोबाइलवर पन्नास वेळा टिपतो, ते त्याला पिवळट आणि मग मळकट दिसत असणार. जो सूर्यास्त पाहायला आम्ही त्यांना रोज घेऊन जातो, तो त्यांच्यासाठी लागलेलाच नसतो. आपल्याबरोबर येणाऱ्याला सोहळा दिसला नाही तरी तो रोज येतो, याचा अर्थ तो दुसऱ्याच कशासाठी येतोय.

कशासाठी, हे जानेवारीत कळलं. माथ्यावर काळे दगड आहेत, दख्खनच्या त्याच जुन्या लाव्हाचे. दिवसभर ते ऊन पितात आणि संध्याकाळी कितीतरी वेळ ती ऊब धरून ठेवतात. सूर्य टेकायला आला की तांबूस आणि काळी एकेक करून दगड तपासतात, नाक लावतात, पंजा टेकवतात, नापसंत करतात, पुढे जातात. योग्य दगड सापडला की स्वतःभोवती दोन-तीन गिरक्या घेऊन पोट टेकतात. मी एकदा काळीच्या शेजारच्या दगडावर बसून पाहिलं. स्वेटर, मफलर आणि माकडटोपी घालून उभे असलेले सगळे थंडीनं कुडकुडत आकाश बघत होते, आणि त्या दगडावर पितरांच्या काळातली गोधडी असावी अशी ऊब होती. तेव्हापासून सूर्यास्त मी बसूनच बघतो.

आणखी एक गंमत याच मोसमातली. वर टेकडीवर थंडी जास्त असेल या समजुतीनं लोक वर जाताना स्वेटर चढवतात. वारा पडलेल्या हिवाळी संध्याकाळी होतं उलटं. जमीन भराभर निवते, तिच्या लगतची हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून ओघळत खाली सपाटीला जाऊन साचते. वरची हवा त्या मानानं उबदार राहते. खालच्या वस्त्यांमधल्या चुलींचा धूर थोडा वर येतो आणि मग त्याच्यावर कुणीतरी झाकण ठेवल्यासारखा एका पातळीत पसरतो. टेकडी उतरताना एका ठिकाणी आपण त्या गारव्यात शिरतो. पाय आधी, मग गुडघे, मग नाक. थंडी वर्ध्यात उतरून भेटते. कुत्र्यांना हे आपल्याआधी कळत असावं, कारण त्या ठिकाणी ती दोन पावलं थांबतात, अंग झटकतात आणि मगच पुढे जातात.

वाटेत एखादी रिकामी बाटली आडवी पडलेली असते. वर्धा जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी आहे. त्यामुळे ही बाटली नेमकी कशाची, हा विचार आम्ही करत नाही. तांबूस ती हुंगतो, शिंकतो आणि पुढे जातो. काकाजी ती उचलून पिशवीत टाकतात आणि म्हणतात, ‘औषधाची हाये.’ एवढ्या शांतपणे म्हणतात, की क्षणभर आपलाही विश्वास बसतो.

आता या सगळ्याला एक काळी बाजूही आहे, ती न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. कुत्रं चावतं. टेकडीवरचं चावत नाही असं आम्ही म्हणतो, पण असं प्रत्येक मोहल्ल्यातली माणसं आपापल्या कुत्र्याबद्दल म्हणतात. संध्याकाळी स्कूटरमागे लागणारी टोळी कुणाच्याही इतर अधिकारात नसते. आमच्या पिढीनं पोटात चौदा इंजेक्शनांची धास्ती लहानपणभर बाळगली. आता दंडावर चार-पाच वेळा टोचून घेतलं की भागतं, पण ती वेळेवर घ्यावी लागतात आणि रेबीज एकदा दिसायला लागला की त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं, की नसबंदी आणि लस देऊन कुत्र्यांना परत त्याच भागात सोडा, पिसाळलेली किंवा अंगावर येणारी सोडू नका, आणि खाऊ घालायचं ते ठरवून दिलेल्या जागीच घाला, रस्त्यात कुठेही नको. गांधीजी आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यात 99 वर्षांचं अंतर आहे. तुकडा फेकून मोकळं होऊ नका, हे दोघांचंही म्हणणं.

आम्ही त्याप्रमाणे थोडे सुधारलो. पोळीची जागा ठरली, चहाच्या टपरीमागे. तिथंच पाण्याचं कुंडं. गोरसपाक मात्र कुत्र्याला घालायचा नाही, हा नियम काकूंनी केला. वर्ध्याचा गोरसपाक म्हणजे अस्सल तुपातली बिस्किटं, नागपूर-मुंबईचे पाहुणे डबे भरून नेतात, आणि मेडिकलच्या एका पोरानं ती ‘ब्रुनो’ला घातल्याचं कळल्यावर काकू तीन दिवस टेकडीवर आल्या नाहीत. तांबूस त्या तीन दिवसांत कुठल्याच नावाला ओ देत नव्हता. चौथ्या दिवशी काकू आल्या, त्याच्याकडे बघून म्हणाल्या, ‘काहून रे, सवय लागली का तुपाची?’ आणि पिशवीतून साधी पोळी काढली. त्यानं ती खाल्ली. तूप मागे धावत आलं नाही.

बोर व्याघ्र प्रकल्पाच्या कडेच्या गावांतले लोक आमचे हे लाड ऐकून हसतात. तिकडे रात्री कुत्रं अंगणात सोडणं म्हणजे बिबट्याला जेवायला बोलावणं. कुत्र्याबरोबर संध्याकाळी टेकडीवर फिरायला जाणं ही शहराच्या टेकडीचीच चैन आहे, हे मान्य करायला हवं.

तर हिवाळ्यात वर्ध्याला आलात, सेवाग्राम बघितलं, पवनार बघितलं आणि गाडीला दोन तास असले, तर टेकडीवर या. नोव्हेंबर-डिसेंबरात पाच वाजायच्या आत या, नाहीतर सूर्य यवतमाळला पोचलेला असेल. संत्र्याची सालं खिशात ठेवा. बिस्किटांचा पुडा आणू नका. आणि सप्टेंबरच्या 28 तारखेला, म्हणजे जागतिक रेबीज दिनाच्या आसपास, जर या बाजूला असाल तर जरूर या. लस टोचायला पशुवैद्य मिळतात, वर्गणीही जमते, पण त्या दिवशी काळीला धरून ठेवायला माणसं कमी पडतात. काकाजी तुमचं नाव इतर अधिकारात लावतील.